जाहीर वही

काकांच्या बदलापूरजवळच्या खरवईतल्या फ्लॅटच्या बेलखाली एक कागद चिकटवलेला होता. ‘बेल एकदाच दाबावी. आत माणूस आहे. तो येत आहे.’ त्याखाली काकूंनी बॉलपेनने लिहिलं होतं, ‘तो येत नाही. मीच येते.’ काकांनी ती ओळ खोडली नव्हती. मी एकदा कारण विचारलं तर म्हणाले, “माहिती बरोबर आहे. खोडू कशाला?”

घरभर असे कागद होते. गॅसपाशी नऊ पायऱ्या, गिझरपाशी सहा. मिक्सरच्या कागदावर अगदी खाली वेगळ्या शाईत ‘झाकण काढण्यापूर्वी बटण बंद केल्याची खात्री करावी’ असं लिहिलेलं, आणि बरोबर त्याच्या वर छताला चटणीचा एक जुना डाग. ही पायरी नंतर का वाढवली गेली ते कुणी सांगायची गरज नव्हती.

काका नात्याने माझे कुणी नव्हेत; ते अंबरनाथच्या एका कारखान्यात सूचनाकार्डं लिहायचे. यंत्रापाशी लटकवलेली असतात तशी: आधी हे करा, मग ते करा, हात इथे घालू नका. नोकरीभर त्यांनी तेच केलं. माझे बाबा त्याच कारखान्यात टर्नर होते आणि आमच्या घरी काकांचं नाव ‘साहेब’ हेच होतं. बाबा म्हणायचे, “साहेबांचं कार्ड वाचून बैलसुद्धा लेथ चालवील. बैलाला वाचता मात्र आलं पाहिजे.”

मी तेव्हा उल्हासनगरला, कॅम्प दोनमध्ये, एका कॉम्प्युटर क्लासवर शिकवायचे. तळमजल्यावर जीन्स शिवायचा कारखाना, पहिल्या मजल्यावर हरेशचा सायबर कॅफे आणि त्याच्यावर आमचा क्लास. शिलाई मशीनच्या घरघरीत मी मुलांना ‘फोल्डर म्हणजे काय’ ते ओरडून सांगायचे. उरलेल्या वेळात एक हौस होती. पत्रं-अर्ज लिहायचं एक फुकट मिळणारं सॉफ्टवेअर होतं. जगभरची माणसं ते बिनपगारी बनवायची, आणि त्यातली मदतीची पानं, म्हणजे अडलं की उघडून वाचायची ती, आपापल्या भाषेत बिनपगारीच लिहायची. मराठीतली मी लिहायला घेतली होती. एकटीने. हरेश सोबत होता, कारण नेट त्याचं होतं.

बाबांनी हे कुठेतरी साहेबांना सांगितलं. पुढच्या रविवारी सकाळी सातला काका आमच्या दारात उभे.

“जय भीम, मिस्त्री. मुलगी सूचना लिहिते म्हणे. कोणत्या यंत्राच्या?”

“कॉम्प्युटरच्या, साहेब.”

“दाखव गं.”

मी प्रिंट दिली. पहिलंच वाक्य होतं, ‘फाइल उघडण्यासाठी फक्त इथे क्लिक करा.’ काकांनी चष्मा लावला, वाचलं आणि ‘फक्त’वर बोट ठेवलं. “हा कोण?”

“कोण म्हणजे?”

“अगं, त्या माणसाला ते जमत नाही म्हणून तर तो बिचारा हे पान उघडून बसलाय. आणि तू त्याला म्हणतेस, फक्त! म्हणजे तो बावळट?”

त्या दिवसापासून काका आमच्या गटाचे प्रमुख झाले. निवडणूक वगैरे काही झाली नाही. पहिल्या आठवड्यात त्यांनी माझ्या पानांतून सव्वीस ‘फक्त’, चौदा ‘सहज’ आणि एक ‘अर्थातच’ काढून टाकले. ‘अर्थातच’ काढताना तर त्यांचा चेहरा कडू औषध घेतल्यासारखा झाला होता.

हरेशने त्यांना जुन्या भागांतून एक कॉम्प्युटर जोडून दिला. घरी नेट नव्हतं, पण त्यांना नेट नकोच होतं. त्यांना हवा होता माणूस. प्रत्येक पान माणसावर तपासून झाल्याशिवाय पुढे जायचं नाही, हा त्यांचा कारखान्यातला नियम. घरात माणूस एकच, त्या म्हणजे काकू. त्यांना खुर्चीत बसवून काका मागे वही घेऊन उभे राहायचे आणि एक अक्षर बोलायचे नाहीत. काकूंनी पानात लिहिलंय तसंच करायचं.

एकदा मी तिथे होते. पानावर होतं, ‘हवा तो मजकूर निवडा.’ काकू पडद्याकडे बघत बसल्या. मिनिट झालं, दोन झाली. काका मागे श्वास रोखून उभे.

“निवडला,” काकू म्हणाल्या.

“कुठे? काहीच दिसत नाही.”

“डोळ्यांनी निवडला. एकही खडा निघाला नाही.”

मी हसले. काका हसले नाहीत. त्यांनी वहीत नोंद केली: ‘निवडा: तांदळाशी घोटाळा संभवतो.’ आणि तो शब्द बदलायचा की नाही यावर आमचे तीन आठवडे गेले. हरेश म्हणाला, “काका, सिलेक्ट लिखो ना, सबको समजतंय.” काका म्हणाले, “तुझ्या आईला समजतंय का विचारून ये.” हरेश खरंच विचारून आला. त्याची आई म्हणाली होती, कॉम्प्युटर बंद कर आणि जेवायला ये.

या वेगाने आमची पानं चालली होती. उन्हाळ्याच्या तोंडाला सॉफ्टवेअरच्या मुख्य गटाकडून ईमेल आली. ही मंडळी कुठल्या कुठल्या देशांत बसलेली. मजकूर सभ्य होता, पण अर्थ साधा होता: दिवाळीपर्यंत सगळी पानं झाली नाहीत तर पुढच्या आवृत्तीत मराठी मदत नसेल. आमची पाव पानंही झाली नव्हती.

“माणसं पाहिजेत,” मी म्हटलं. “आपण ब्लॉग सुरू करू या.”

“म्हणजे?”

“नेटवरची वही, काका. आपण काय करतो ते लिहायचं. लोक वाचतात, खाली आपलं मत देतात. कुणाला वाटलं तर मदतीला येतात.”

“मत कशाला देतात? आपण मागितलंय का?”

पण दोन दिवसांनी त्यांनी स्वतःच नाव सुचवलं: ‘मराठी संगणकीय साहाय्यलेखन स्वयंसेवक गट (तात्पुरता) यांची जाहीर वही’. ब्लॉगचा पत्ताही हाच हवा, कंसासकट. हरेशने कपाळाला हात लावला. “काका, एवढा लंबा अॅड्रेस टाकता टाकता आदमी बुढ्ढा होऊन जाईल.” बरीच ओढाताण झाली आणि शेवटी ‘जाहीर वही’ एवढंच उरलं. ‘तात्पुरता’ गेल्याचं काकांना मनापासून वाईट वाटलं. “उद्या गट बंद पडला तर लोक म्हणतील, आधी सांगितलं नाही.”

प्रकाशन समारंभ हरेशच्या कॅफेत ठरला. कॅफेत पाच कॉम्प्युटर आणि सहा खुर्च्या होत्या. काकांनी तीस लोकांना बोलावलं आणि पंचवीस आले, त्यात कारखान्यातले जुने लोक जास्त. माऊसला हळदकुंकू लावलं होतं. बटण दाबायचा मान बाबांना दिला होता. भारनियमनाचं वेळापत्रक काकांनी आठवडाभर आधी पाठ केलं होतं. फक्त ते बदलापूरचं होतं.

बाबांनी ‘प्रकाशित करा’वर बाण नेला, डोळे मिटले, बटण दाबलं आणि कॅम्प दोनची वीज गेली. खालची शिलाई मशीनं एकदम गप्प झाली. बाबा डोळे उघडून म्हणाले, “साहेब, माझ्याकडून काही चुकलं का?”

ब्लॉग प्रकाशित झाला की नाही, कुणालाच माहीत नव्हतं. काका उठून उभे राहिले. “प्रकाशन झालं की नाही ते प्रकाश आल्यावर कळेल. तोवर तात्पुरत्या टाळ्या वाजवू.” सगळ्यांनी वाजवल्या. मग त्यांनी पिशवीतून छापील प्रत काढली आणि खिडकीपाशी उभं राहून पहिला लेख वाचून दाखवला. ‘एक: उद्देश. दोन: व्याप्ती. तीन: या लेखात वापरलेल्या शब्दांच्या व्याख्या.’ व्याख्यांपर्यंत येईतो निम्मे लोक जिन्यात हवा खायला गेले होते. वीज दोन तासांनी आली. ब्लॉग प्रकाशित झाला नव्हता. बाबांनी पुन्हा बटण दाबलं, तेव्हा आम्ही चौघंच होतो.

पुढे दोन महिने दर सोमवारी एक लेख जात राहिला. कोपऱ्यात भेटी मोजणारा आकडा होता आणि तो भराभर वाढायला लागला. काका इतके खूश, की त्यांनी काकूंना नवीन कागद लावायला सांगितला: ‘सोमवारी सकाळी हाक मारू नये.’ मग हरेशने हळूच कबूल केलं. काकांना बरं वाटावं म्हणून त्याने कॅफेतल्या पाचही कॉम्प्युटरवर ब्लॉग पहिलं पान म्हणून लावून ठेवला होता. कॅम्प दोनमधला जो कुणी बारावीचा निकाल किंवा लग्नाची स्थळं बघायला बसायचा, त्याला आधी ‘व्याप्ती आणि व्याख्या’ दिसायच्या. काकांनी ते त्याच दिवशी काढायला लावलं. आकडा जागीच थांबला.

मत एकच आलं होतं, इंग्रजीत. छान ब्लॉग, माझा बघा. काकांनी त्याला सविस्तर आभारपत्र लिहिलं, त्याचा ब्लॉग उघडला, वजन कमी करायच्या चूर्णावरचे सगळे लेख वाचले आणि चूर्ण घ्यायच्या पद्धतीत पायरी चार आणि पाच यांची अदलाबदल हवी, असं कळवलं. उत्तर आलं नाही. ते बरेच दिवस वाट बघत होते.

गणपतीला काका-काकू कोकणात गेले. जाताना काकांनी मला हाताने लिहिलेला एक कागद दिला: मदतीचं आवाहन. “टाइप करून ठेव. मी आल्यावर तपासतो, मग टाकू.” पण दिवाळी जवळ येत होती. आठ दिवस थांबणं माझ्या जिवावर आलं. क्लास सुटल्यावर मी घाईघाईत टाइप केलं, मथळा मोठ्या अक्षरांत दिला आणि टाकून मोकळी झाले.

मथळा होता: ‘महत्वाची सुचना’.

शुद्धलेखनाच्या मास्तरांना हे वाचून आताही घाम फुटेल. महत्त्वातला एक ‘त’ कमी आणि सूचनेचा ऊकार ऱ्हस्व. दोन शब्दांत दोन चुका, आणि खाली ‘अचूक मराठी लिहू शकणारे स्वयंसेवक हवेत’.

दोन महिने जिथे चिटपाखरू फिरकलं नव्हतं, तिथे दोन दिवसांत सदतीस मतं आली. कुणीतरी तो दुवा मराठी लिहिणाऱ्यांच्या एका गटात पाठवला होता. एकाने लिहिलं, ‘आधी स्वतः शिका.’ एका बाईंनी महत्त्व शब्दाची फोड करून दाखवली होती. एकाने शोक व्यक्त केला होता. एकाने चूक दाखवताना स्वतः ‘शुद्धलेखन’ चुकवलं होतं आणि त्याला झोडपायला आणखी सहा जण आले होते.

मी मथळा दुरुस्त केला, पण मतं तशीच होती. काका परतले त्या दिवशी कॅफेत येऊन त्यांनी सगळी वाचली.

“काका, मी टाइप केलं. तुम्हाला न विचारता टाकलं. मी तसं लिहिते तिथे.”

“असं काही लिहायचं नाही,” ते म्हणाले. “खाली नाव गटाचं आहे. गटाचा प्रमुख मी.”

दुसऱ्या दिवशी हरेशकडे त्यांचा राजीनामा आला, तीन प्रतींत.

घरी मी रडत बसले होते. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि डावा हात माझ्यापुढे धरला. त्यांच्या तर्जनीचं एक पेर नाही. मशीनमध्ये गेलं, एवढंच मला लहानपणापासून माहीत होतं.

“ते कार्ड दुसऱ्याने लिहिलं होतं,” बाबा म्हणाले. “एक पायरी सुटलेली. साहेब तेव्हा नवीन होते. त्यांनी न वाचता सही केली होती. तेवढीच एकदा. चल, चप्पल घाल.”

आम्ही खरवईला गेलो. बाबांनी बेल एकदाच दाबली. काकू आल्या. काका आत पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसले होते.

“साहेब,” बाबा म्हणाले, “माझं बोट गेलं, तेव्हा तुम्ही काय केलंत?”

काकांनी मान थोडी वळवली.

“दुसऱ्या दिवशी सकाळी नवीन कार्ड लिहून आणलंत. मी इस्पितळात होतो, तिथे येऊन मला वाचून दाखवलंत, आता समजतंय का म्हणून. राजीनामा दिला होतात का?”

“मिस्त्री, तेव्हा मला घर चालवायचं होतं.”

“आता मराठी चालवायचीय,” काकू दारातून म्हणाल्या. “आणि उठा. चादर बदलायचीय.”

काका उठले. चादर बदलेपर्यंत उभं राहायला जागा नव्हती म्हणून ते टेबलापाशी गेले, आणि तिथे मी आणलेली सदतीस मतांची छापील प्रत पडली होती. त्यांनी सवयीने पेन उचललं. थोड्या वेळाने आतून आवाज आला, “अगं, इकडे ये.”

त्यांनी मतांचे चार भाग केले होते. एक चूक पाहिलेले, दोन्ही चुका पाहिलेले, चूक दाखवताना नवीन चूक केलेले, आणि नुसत्या शिव्या. “हे बघ,” ते म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. “ही माणसं आपलं लिखाण अक्षर अन् अक्षर वाचतात. आणि बिनपगारी! काकूच्या खालोखाल यांचाच नंबर.”

त्यांनी एकेकाला पत्र लिहिलं. मी ती ईमेलने पाठवली. ‘आपली नजर बारीक आहे. सोबत एक पान पाठवत आहे. यातही चुका असाव्यात, असा आम्हांस दाट संशय आहे. सापडल्यास कृपया सुधारून पाठवाव्यात.’ मदत मागितली होती तेव्हा कुणी आलं नव्हतं. चुका आहेत म्हटल्यावर चार दिवसांत अकरा जणांची पानं सुधारून आली, ‘अजून आहेत का?’ अशा विचारणेसह. शोक व्यक्त करणाऱ्या गृहस्थांनी तर एका आठवड्यात वीस पानं लिहिली. दिवाळीच्या आदल्या सोमवारी शेवटचं पान गेलं. काकूंनी ते कॅफेत बसून तपासलं आणि हरेशच्या आईने करंज्या पाठवल्या.

ते अकरा जण कुणी पुण्याचे, कुणी सांगलीचे, एक बाई थेट अकोल्याच्या. कुणी कुणाला पाहिलेलं नव्हतं. काकांनी थंडीतल्या एका रविवारी सगळ्यांना घरी जेवायला बोलावलं आणि बदलापूर स्टेशनपासून घरापर्यंतच्या सूचना चौदा पायऱ्यांत लिहून पाठवल्या. माझ्याकडून दोनदा तपासून घेतल्या. अकरावी पायरी होती: ‘उजव्या हाताला निळं फाटक दिसेल. ढकलून आत यावं.’

अकरा वाजले, बारा वाजले, साडेबारा झाले. कुणी आलं नाही. काकूंचा मसालेभात गार होत होता. काका गॅलरीतून आत, आतून गॅलरीत. शेवटी काका, हरेश आणि मी खाली उतरून निळ्या फाटकातून बाहेर पडलो आणि स्टेशनच्या दिशेने चालत निघालो.

दोनशे पावलांवर गावातल्या एका शेतकऱ्याचं घर होतं. मुलीचं लग्न महिन्यावर आलं होतं, म्हणून त्यांनी आदल्या दिवशीच फाटकाला रंग दिला होता. निळा. आत अंगणात अकरा माणसं चटईवर गोल करून बसली होती आणि अकराही जणांचे तळवे निळे झाले होते. घरच्यांना वाटलं, मुलाकडचे पाहुणे घर बघायला आले. यांना वाटलं, हेच काकांचं घर. सरबत झालं होतं, पोहे झाले होते, आणि आता ते अकरा जण मधोमध लग्नपत्रिकेचा कच्चा नमुना ठेवून ‘आशीर्वाद’मधल्या ‘शी’वर एकमेकांशी भांडत होते. नवरीचे वडील हातात पेन्सिल घेऊन मुकाट्याने ऐकत होते.

मला वाटलं, काका पुन्हा राजीनामा देतील. पण ते ओल्या फाटकाला हात टेकून मोजत होते. नऊ, दहा, अकरा.

“अगं, सगळेच्या सगळे इथेच!” ते माझ्या कानाशी म्हणाले. “एकही इकडेतिकडे नाही. बघ, किती स्पष्ट लिहिलं होतं.”

ओळखी झाल्या, खुलासे झाले, हसून हसून पोटं दुखली. पण घरची बाई पाहुण्यांना जेवल्याशिवाय सोडायला तयार नव्हती. पाहुणे मुलाकडचे नाहीत म्हणून काय झालं, दारात आलेत ना? शेवटी हरेश जाऊन काकूंना आणि मसालेभाताचं पातेलं तिथेच घेऊन आला.

पानं वाढताना त्या बाईने काकांना विचारलं, “पन तुमी सगली मिलून काम काय करताव?”

काका ताठ बसले. निळा हात मांडीवर ठेवला आणि म्हणाले, “लोक चुकू नयेत म्हणून आम्ही सूचना लिहितो.”

बाईने चटईवरच्या अकरा माणसांकडे या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदा पाहिलं.

“बरा,” ती म्हणाली, आणि भाताचं आधण वाढवायला आत गेली.